आठ ग्लासांचा हिशेब

बसचा लांबचा प्रवास असला की माझी आई सकाळपासूनच पाणी तोडायची. चहासुद्धा अर्धा कप. पिशवीत भरलेली बाटली असायची, पण ती मुलांसाठी. मुक्कामी पोचल्यावर आधी मोरी कुठे आहे ते विचारायचे, मग लागोपाठ दोन तांबे पाणी. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी सुरू.

आज तिच्या नातीच्या टेबलावर दोन लिटरची बाटली उभी असते. बाटलीवर तासांच्या खुणा आहेत आणि कुठल्या वेळेला कुठपर्यंत प्यायचे ते ठरलेले आहे. फोन अधूनमधून आठवण करतो. ऑफिसात एसी आणि दहा पावलांवर स्वच्छतागृह. भरपूर पाण्याने त्वचा उजळते, वजन उतरते आणि शरीरातली ‘विषद्रव्ये’ धुऊन निघतात, असे तिला चहूकडून सांगितलेले आहे.

‘पुरेसे पाणी’ या प्रश्नाचा बराचसा पसारा या दोघींमध्ये आला. पाण्याचे फायदे कोणते, त्यातले सिद्ध किती, ऐकीव किती, आणि ते फायदे नेमके कोणाच्या वाट्याला येतात, हे एकदा सलग मांडून पाहावे म्हणून हा आढावा.

आकडा आला कुठून?

दिवसाला आठ ग्लास, म्हणजे सुमारे दोन लिटर. हा आकडा इतका रुळला आहे की तो कोणत्या प्रयोगातून निघाला असे विचारायचे कोणाला सुचत नाही. अमेरिकेतले मूत्रपिंडविज्ञानाचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी ते विचारले आणि २००२ मध्ये आपला शोध एका शरीरक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकात मांडला. थंड हवामानात राहणाऱ्या, फारसे अंगमेहनतीचे काम नसलेल्या निरोगी माणसाने आठ ग्लास प्यायलेच पाहिजेत असे दाखवणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. एक धागा मात्र १९४५ पर्यंत जातो. त्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने मोठ्या माणसाला रोज अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते. लगेच पुढच्या वाक्यात, यातले बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते, असेही म्हटले होते. ते दुसरे वाक्य वाटेत कुठेतरी गळून पडले असावे.

आपल्या ताटाकडे पाहिले तर त्या वाक्याचे वजन कळते. शिजलेल्या भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते, काकडीत पंचाण्णव. आमटी, ताक, कढी, चहा हे सगळे हिशेबात धरायचे. चहा-कॉफीने शरीरातले पाणी उलट कमी होते, ही समजूतही नेहमीच्या प्रमाणात पिणाऱ्यांच्या बाबतीत टिकलेली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस तितकेच पाणी देऊन पाहिले. शरीरातल्या पाण्याच्या पातळीत फरक आढळला नाही.

आज अधिकृत संस्था काय सांगतात? अमेरिकेची शिफारस पुरुषांना ३.७ आणि बायकांना २.७ लिटर, युरोपची अनुक्रमे २.५ आणि २ लिटर. दोन्हींत अन्नातले पाणी धरलेले आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सर्वसाधारण निरोगी माणसाला सुमारे दोन लिटर पाणी सांगते. या आकड्यांत इतका फरक का, याचे उत्तर २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले. २३ देशांतल्या ५,६०४ लोकांच्या शरीरातून दिवसाला किती पाणी येते-जाते हे संशोधकांनी मोजले. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९६ वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. तरुण पुरुषांत ही उलाढाल सरासरी ४.२ लिटर भरली, अन्नातले आणि शरीरात तयार होणारे पाणी धरून. पण सरासरीपेक्षा महत्त्वाचा होता माणसामाणसांतला फरक. ऊन, दमट हवा, उंचावरचा मुक्काम, अंगमेहनत आणि गरोदरपण यांनी गरज वाढत जाते. सगळ्यांसाठी एकच आकडा सांगता येणार नाही, हाच त्या अभ्यासाचा निष्कर्ष.

गंमत म्हणजे आयुर्वेदातला एक प्रमुख ग्रंथ आकडा न सांगता ऋतू पाहतो. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त तर ग्रीष्म आणि शरद हे दोन ऋतू सोडले तर निरोग्यानेसुद्धा पाणी बेतानेच प्यावे असा सल्ला आहे. ‘उठल्याबरोबर चार तांबे’ हे आयुर्वेदाच्या नावावर खपवणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो.

शरीराची खतावणी

प्रौढ पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी, बायकांत थोडे कमी, तान्ह्या बाळात ७५ टक्क्यांच्या घरात. ही शिल्लक शरीर अगदी काटेकोर सांभाळते. रक्तातले क्षार एक-दोन टक्क्यांनी दाट झाले की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळते. मग दोन हुकूम एकदम सुटतात. एक तहानेचा. दुसरा मूत्रपिंडांना: पाणी राखा. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक हा दुसरा निरोप पोचवते आणि लघवी कमी व दाट होते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. दीड-दोन लिटर बाहेर पडतो, वेळ आलीच तर अर्ध्या लिटरात भागवतात.

यातून दोन समजुती निकालात निघतात. ‘तहान लागली म्हणजे उशीर झालाच’ ही पहिली. तहानेची घंटा रक्त दोन टक्क्यांनी दाट होण्याच्या आत वाजते, आणि वैद्यकशास्त्र ज्याला शुष्कता म्हणते ती पाच टक्क्यांच्या पुढची. तेव्हा निरोगी माणसाने तहान लागल्यावर पाणी पिणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे नव्हे. दुसरी समजूत विषद्रव्ये धुण्याची. गाळणी रोज १८० लिटरांची असताना आपण वरून ओतलेल्या दोन ग्लासांनी तिच्या कामात काही भर पडत नाही. जादा पाणी तासा-दोन तासांत बाहेर पडते, एवढेच.

जिथे पुरावा भक्कम आहे

सगळ्यात भक्कम पुरावा मुतखड्याचा. लघवी दाट झाली की तिच्यातले कॅल्शियम, ऑक्झलेटसारखे क्षार स्फटिक होऊन बसतात. इटलीत पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला लघवी दिवसाला किमान दोन लिटर होईल इतके पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काही सांगितले नाही. पाच वर्षांनी पाहिले तर पहिल्या गटात ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्यात १०० पैकी २७ जणांना. हे निष्कर्ष १९९६ मध्ये आले आणि आजही मूत्रविकारतज्ज्ञ खड्याच्या रुग्णाला पहिला सल्ला हाच देतात. मोजायचे ते आत गेलेले पाणी नव्हे, बाहेर आलेली लघवी. उन्हाळ्यात बरेच पाणी घामावाटे जाते, म्हणून पिणेही त्या मानाने वाढवावे लागते.

दुसरा पुरावा आईच्या उन्हाळीचा. आपण जिला उन्हाळी म्हणतो त्यात दाट लघवीची जळजळ असते आणि पुष्कळदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही. बल्गेरियात १४० बायकांवर वर्षभर प्रयोग झाला. या बायकांना असा संसर्ग वारंवार व्हायचा आणि त्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी-पेये घ्यायच्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला दिले. त्या गटात वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतर जणींत ३.२ वेळा. औषधाशिवाय जवळजवळ निम्म्यावर आले.

या दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. फायदा झाला तो ज्यांना पाणी कमी पडत होते किंवा ज्यांना खड्यामुळे इतरांपेक्षा जास्त लागत होते त्यांना. ही खूणगाठ बांधून ठेवावी, कारण पुढेही ती भेटत राहते.

जिथे आशा पुराव्याच्या पुढे धावते

पाणी मूत्रपिंडाला चांगले, तर दुखावलेल्या मूत्रपिंडाला आणखी चांगले, असे वाटणे साहजिक आहे. कॅनडात मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या ६३१ रुग्णांवर ते करून पाहिले. जादा पाणी पिणाऱ्यांची मूत्रपिंडे वर्षभरात इतरांइतकीच मंदावली. डोकेदुखीचेही तसेच. नेदरलँड्समध्ये १०२ रुग्णांपैकी एका गटाने तीन महिने रोज दीड लिटर जादा पाणी प्यायले. त्यांना बरे वाटले, पण डोके दुखण्याचे दिवस काही कमी झाले नाहीत. तरीही शरीरातले पाणी खरेच घटले असेल तर डोके चढते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. तरुण बायकांवरच्या एका प्रयोगात वजनाच्या जेमतेम दीड टक्का पाणी घटल्यावर हे दिसून आले. परीक्षेच्या हॉलमध्ये बाटली जवळ असावी ती यासाठी.

बद्धकोष्ठाला नुसते पाणी पुरत नाही. जेवणात भाजी, कोंडा, सालासकट डाळी असतील तर पाणी त्यांना साथ देते. वजनाच्या बाबतीत एक छोटा पण नेटका अभ्यास आहे. ५५ ते ७५ वयाच्या ४८ जणांनी बारा आठवडे मोजका आहार घेतला. त्यातल्या ज्यांनी दर जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायले त्यांचे वजन इतरांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरले. जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो आणि शेवटी पिणारा स्थूल होतो, हे वाग्भटाने सांगून ठेवले होते. त्यातला पहिला भाग तरी प्रयोगाशी जुळला. पण खरी मदत होते ती पाणी कशाची जागा घेते यातून. थंड पेयाच्या तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती बाटली सोडून पाणी घेतले तर वजनाचा आणि दातांचाही फायदा आहेच.

अलीकडे वार्धक्याचीही चर्चा आहे. अमेरिकेत ११ हजारांहून अधिक प्रौढांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये असे मांडले गेले की रक्तातले सोडियम वरच्या बाजूला असलेल्यांत जुनाट आजार जास्त दिसतात. पाणी कमी पडले की सोडियम वाढते. म्हणजे पाणी कमी पिण्याने म्हातारपण लवकर येते का? असा संबंध दिसला इतकेच. पाणी वाढवून तो तुटतो का, हे करून पाहिल्याशिवाय ठरणार नाही.

काया उजळते का?

आता नातीचा प्रश्न. पाण्याने त्वचा सुधारते का?

त्वचेचा सगळ्यात बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्यात पाणी राहते म्हणून ती मऊ लागते. हे पाणी खालच्या जिवंत थरांतून वर झिरपते, आणि ते उडून जाऊ नये म्हणून पेशींच्या फटी स्निग्ध द्रव्यांनी लिंपलेल्या असतात. भिंतीच्या विटांमध्ये चुना असावा तसे. कोरड्या त्वचेत बहुधा हा चुना गेलेला असतो. डिसेंबरात विदर्भात पोटऱ्या पांढऱ्या पडतात, टाचा उलतात, ते शरीरात पाणी कमी झाल्याने नव्हे. कोरडी हवा, कढत पाण्याची अंघोळ आणि साबण मिळून लिंपण धुऊन नेतात. तिथे तिसऱ्या ग्लासापेक्षा अंघोळीनंतर ओलसर अंगावर लावलेले खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जास्त उपयोगी.

तरी प्रयोग झाले आहेत. पोर्तुगालमध्ये ४९ तरुणींनी महिनाभर रोज दोन लिटर जादा पाणी प्यायले. त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा यंत्राने मोजल्यावर वाढलेला दिसला, आणि सगळ्यात जास्त वाढला तो मुळात कमी पाणी पिणाऱ्या मुलींमध्ये. २०१८ मध्ये अशा सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. निष्कर्ष सावध होता: वरच्या थराचा ओलावा थोडा वाढू शकतो, पण पुरावा दुबळा. सुरकुत्या, डाग, पुटकुळ्या यांवर पाण्याचा काही ठोस परिणाम सिद्ध झालेला नाही. सुरकुत्यांचा मोठा वैरी ऊन आहे, त्यामुळे छत्री आणि टोपी यांचा सौंदर्याशी संबंध बाटलीपेक्षा जवळचा. केसांचे तर डोक्याबाहेर दिसणारे सगळे सूत मृत. त्याला आतून पाणी पाजता येत नाही.

मग ‘पाणी प्यायला लागल्यापासून चेहरा टवटवीत झाला’ म्हणणाऱ्या मैत्रिणी खोटे बोलतात का? नाही. शुष्कतेने डोळे खोल जातात, ओठ सुकतात, चेहरा ओढल्यासारखा होतो. जुलाब झालेल्या मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की ती सावकाश बसते, हे डॉक्टर पूर्वीपासून पाहत आले आहेत. त्या उणिवेतून बाहेर आलेला चेहरा उजळ दिसणारच. शिवाय पाणी वाढवणारी बाई बहुधा त्याच आठवड्यात कोल्ड्रिंक सोडते आणि वेळेवर झोपायला लागते. श्रेय मात्र बाटलीला मिळते.

पाण्याचाही अतिरेक

मूत्रपिंडे तासाला सुमारे एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, त्यात १३ टक्के जणांचे सोडियम घटलेले आढळले. धावताना वजन वाढलेल्यांत, म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलेल्यांत, हे प्रमाण अधिक होते. हृदय कमजोर झालेले, यकृत निकामी झालेले किंवा डायलिसिसवर असलेले रुग्ण तर पाणी मोजूनच पितात. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असा आपुलकीचा सल्ला देऊ नये.

घाम आणि जुलाब यांतून पाण्याबरोबर मीठही जाते, आणि इथे नुसते पाणी अपुरे पडते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धात निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या बांधून पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषले जातात आणि पाण्याला आपल्याबरोबर ओढून नेतात, हे त्यामागचे साधे गणित. मिठाची चिमूट टाकलेले ताक, कैरीचे पन्हे, उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे ठेवलेला गुळाचा खडा आणि पाणी, या चालीरीतींना त्याच गणिताचा थोडाफार आधार आहे. जुलाबावर मात्र ओआरएसची पुडीच, आणि तीही सांगितलेल्या मापानेच.

कमी कोणाला पडते?

वर बांधलेली खूणगाठ आता सोडू. पाण्याचा फायदा होतो तो कमी पडणाऱ्यांना. मग कमी कोणाला पडते?

म्हाताऱ्यांना, कारण त्यांची तहान मंदावते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण आणि वृद्ध पुरुषांना २४ तास पाण्याविना ठेवले. नंतर पुढ्यात पाणी असूनही वृद्धांना तहान कमी जाणवली आणि त्यांनी कमी प्यायले. घरातल्या आजोबांना ‘तहान लागली का?’ विचारण्यापेक्षा फुलपात्र भरून हातात देणे बरे.

उन्हात राबणाऱ्यांना. एल साल्वादोर आणि निकाराग्वातल्या ऊसतोड मजुरांत तरुण वयात मूत्रपिंडे निकामी होताना दिसली. आंध्रच्या उद्दानम भागातही असाच गूढ विकार आहे. कारणांवर वाद चालू आहेत, पण उष्णता आणि वारंवारची शुष्कता संशयितांच्या यादीत वर आहेत. मध्य अमेरिकेत यावर उपाय म्हणून ‘पाणी, विसावा, सावली’ असा कार्यक्रम आखला गेला. या तिन्ही गोष्टी मुकादमाच्या हातातल्या, मजुराच्या नव्हेत. आपल्याकडे बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या कोयत्यांनाही, म्हणजे मजूर जोडप्यांनाही, त्या हव्यात. उन्हात नुसते बसून राहिल्यानेही काय होते ते १६ एप्रिल २०२३ ला खारघरने दाखवले. उघड्या मैदानावरच्या ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यानंतर उष्म्याने १४ जण दगावले.

आणि बायकांना. त्यांच्यासमोर पाणी असते, पण जायला जागा नसते. बाजारात, बांधकामावर, फडात, प्रवासात त्या तहान दाबतात. मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम चालवली ती याच कारणाने. शाळेतल्या मुलीही घाणेरडे स्वच्छतागृह टाळायला बाटली भरलेलीच घरी आणतात. केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी पिण्याची घंटा सुरू केली आणि मग ती इतर राज्यांतही पोचली. त्या घंटेबरोबर धुतलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह असेल तरच मुली बाटली उघडतील.

शेवटी पाणी कसले, हेही पाहावे लागते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमपर्यंतच चालते. तीन मिलिग्रॅमचे पाणी दोन लिटर प्यायले तर सहा मिलिग्रॅम पोटात जाते, तीन लिटर प्यायले तर नऊ. दात पिवळे पडतात, हाडे आखडतात. तिथे ‘जास्त पाणी प्या’ हा सल्ला घातकच ठरतो.

निरोगी माणसाने काय करावे हे मग दोन ओळींत मावते. तहान लागली की प्यावे. ऊन, ताप, श्रम, गरोदरपण आणि मुतखडा असेल तेव्हा तहानेच्या थोडे पुढे राहावे. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसे झाले, गडद झाली की एक तांब्या आणखी. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी रंग बदलतो, तेवढे ध्यानात ठेवावे. नातीने बाटलीवरच्या खुणांकडे दुर्लक्ष केले तरी तिचे काही बिघडणार नाही.

आईला मात्र रोज सहा ग्लास जादा मिळाले असते तर तिची उन्हाळी बहुधा अर्ध्यावर आली असती. तिला ते कोणी सांगायची गरज नव्हती. पाण्याचे मोल तिला ठाऊक होते. वाटेतल्या थांब्यावरच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हेही ठाऊक होते.